पावसाच्या वाटेवरचं रान

श्रोतेहो, नमस्कार. आज कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाऊ या. १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर इथलं. लोक शिड्या चढून जातात, फोटो काढतात आणि उतरतात. भोवतालचं रान तसंच पाहायचं राहून जातं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून राजूर, भंडारदरा करत घाटघरला निघा. अकोल्याकडे बोरी-बाभळी दिसतात. जसजसं पश्चिमेला सरकावं, तसतशी झाडी गर्द होत जाते. कोकणातून आलेले ढग पहिल्यांदा अडतात ते घाटघरच्या कड्याला. तिथे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. मागच्या पट्ट्याला उरलंसुरलं मिळतं. पण एवढ्या पावसातही माथे उघडेच. तिथे माती टिकत नाही. ती धुपून घळींत, कड्यांखालच्या सपाटीवर साचते, आणि सदाहरित रान तिथेच धरतं: जांभूळ, अंजनी, सोबत पानगळीचा हिरडाही. वाऱ्याच्या तोंडावरची झाडं खुजी, आडव्या फांद्यांची. अंजनीला उन्हाळ्यात फांदीलाच चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. जवळ गेल्याशिवाय ते खरे वाटत नाहीत.

हिरड्यावर तर इथल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांचा उन्हाळा चालतो. आठळी धरण्याआधीच फळं काढून वाळवायची, तो बाळहिरडा. औषधवाल्यांकडे त्याला मागणी असते.

उतारावर कारवी. ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळा डोंगर जांभळा करते, बी धरते आणि मरून जाते. तिच्या काठ्यांचे कूड करून शेणमातीनं लिंपलेल्या भिंती अजून काही पाड्यांवर दिसतात.

आणि उघड्या कातळावर? पावसाळ्यात गुडघे टेकून बघा. बोटभर उंचीची, निळसर फुलांची सीतेची आसवं. दिसायला नाजूक, पण मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत पाण्यातले बारीक जीव अडकतात. या पातळ मातीत पोषण नाही, मग झाडानं दुसरं काय करावं? सोनकीचं पिवळं रान मात्र लांबूनच दिसतं, त्यासाठी वाकायला नको.

मेअखेरीला काजवे पाहायला इथे गाड्यांची रीघ लागते. दिव्यांच्या झोतात काजवे कसे दिसायचे, कुणास ठाऊक! फुलांसाठी यायचं असेल तर सप्टेंबरात या, तेही आडवारी. आणि कातळावर पाऊल टाकताना खाली बघा.