तळ्याची वाट आधी नकाशावर

(दृश्य: टेबलावर उलगडलेला नकाशा, त्यावर लाल दोरा)

हा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. वरच्या कोपऱ्यातला निळा ठिपका, ते आपलं डोंगरातलं तळं. गाडीरस्ता संपतो तिथं दोऱ्याचं टोक धरायचं, पायवाटेच्या प्रत्येक वळणावर दोरा बोटानं दाबायचा आणि तसाच ठिपक्यापर्यंत न्यायचा. मग तो सरळ करून पट्टीवर ठेवायचा. भरला चौदा सेंटिमीटर, म्हणजे जायचे सात किलोमीटर. नुसती पट्टी ठेवली असती तर नऊच सेंटिमीटर दिसले असते आणि सगळा बेत तिथंच चुकला असता.

आता या तपकिरी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. या नकाशात दोन रेषांमध्ये उंचीचा वीस मीटरचा फरक आहे. दर पाचवी रेष जाड, म्हणजे शंभर मीटर. खाली दरीत रेषा सुट्या सुट्या आहेत, तिथं चाल सोपी. झाडी संपते तिथून त्या जवळ यायला लागतात, म्हणजे चढ उभा होत जातो. आणि तळ्याच्या अगदी खाली पाहा, एकमेकींना चिकटल्यात.

(दृश्य: आकाशातून तळं, मागे कडा, पुढे खडकाचा बांध)

त्याचं कारण इथं वरून स्पष्ट दिसतं. हिमनदीनं डोंगराच्या कुशीत खळगा कोरला. आत बर्फानं तळ खोल खरवडला, तोंडाशी त्याचा जोर कमी पडला आणि तिथं खडकाचा उंबरठा शिल्लक राहिला. बर्फ गेला, त्यामागं पाणी साठलं. अशा तळ्याच्या आधी म्हणूनच बहुधा एक खडी पायरी लागते, आणि ती लागते ती पाय दमल्यावर. तळं उंबरठ्यावर चढेपर्यंत दिसत नाही. ‘आलंच की आता’ म्हणत माणसं वेळ टळून गेल्यावरही चढत राहतात ती याच पायरीवर.

(दृश्य: वहीत आकडेमोड)

हे गणित तोंडी करू नका, वहीत मांडा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा हिशेब सांगितला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आपली वाट सात किलोमीटर, चढाई नऊशे मीटर. चालण्याचा जवळजवळ दीड तास, चढाईचा दीड तास, झाले तीन. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा आहे. पाठीवर ओझं आहे, हवा विरळ होत जाणार, गटातला सगळ्यात सावकाश चालणारा म्हणेल तोच आपला वेग. चार तास धरू. उतरायला तीन, कारण वरचा घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा उतार, उतरताना जास्त वेळ खातो.

सकाळी सहाला निघालो तर दहाला तळं. अकराला परत फिरायचं. ही अकराची वेळ वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि सगळ्यांना घरीच सांगा. तळं दिसो वा न दिसो, अकराला पाठ फिरवायची. वर गेल्यावर या वेळेवर चर्चा नको. दमलेल्या माणसांनी उभ्या चढावर घेतलेला निर्णय चांगला नसतो.

(दृश्य: ओढ्यातला एकच दगड, दोन वेळा)

हा दगड सकाळी सातचा. माथा कोरडा, त्यावर पाय देऊन पलीकडे जाता येतं. आणि हाच दगड दुपारी तीनला. कॅमेरा तिथंच ठेवला होता. वरचा बर्फ उन्हानं वितळला, ते पाणी इथवर पोहोचलं आणि दगड बुडाला. सकाळी सहज ओलांडलेला ओढा परतताना अंगावर येतो. उन्हाळ्यात डोंगरावर ढगही बहुधा दुपारीच दाटतात, आणि झाडीच्या वर विजेपासून आडोसा नाही.

उशीर, मग अंधार, चुकलेली वाट, बचाव पथक. क्रम बहुतेकदा हाच असतो.

(दृश्य: सॅक भरताना)

हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आपल्या वाटेवर सहा अंशांच्या आसपास फरक पडेल, वारा वेगळा. म्हणून गरम कपडा आणि पावसाळी जाकीट सॅकमध्ये, आकाश निरभ्र असलं तरी. ही शिट्टी खांद्याच्या पट्ट्याला, हात सहज पोहोचेल अशी. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर येतं ते मिनिटात तीन शिट्ट्यांचं. फोनमध्ये नकाशा उतरवून घ्याच, पण थंडीत बॅटरी भराभर उतरते. कागद सोबत हवा. डोक्याला बांधायची टॉर्च, पाणी, खाणं, प्रथमोपचार, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामानाचा ताजा अंदाज.

(दृश्य: तळ्याचा काठ, जवळून)

रंग पाहा. वर अजून हिमनदी असेल तर ती खडक दळते, पिठासारखी बारीक धूळ पाण्यात तरंगत राहते, आणि तिच्यावर विखुरलेल्या प्रकाशानं पाणी असं हिरवट निळं दिसतं.

काठावरची ही उशीसारखी झाडं बोटभर उंचीची आहेत. इथला उन्हाळा काही आठवड्यांचा, त्यामुळे ती अतिशय सावकाश वाढतात. बसायचं ते खडकावर. शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर दूर. साबण तळ्यात नको, अंगाला सनस्क्रीन चोपडून डुंबणंही नको. पाणी नितळ दिसलं तरी उकळूनच प्यावं; दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं खळाखळा.

(दृश्य: चिठ्ठी लिहिणारा हात)

निघण्याआधी शेवटचं काम. वाट कोणती, सोबत कोण, परतायची वेळ दुपारी दोन. संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तो नंबर. ही चिठ्ठी घरी थांबणाऱ्या माणसाच्या हातात द्यायची. खाली उतरून रेंज आली की पहिला फोन त्यालाच करायचा, नाहीतर आपण गाडीत बसलेले असू आणि डोंगरावर आपला शोध सुरू होईल.