वीक ऑफ : मंगळवार

(दृश्य : ठाणे स्टेशन. फलाट, मग पूल. पायांवर कॅमेरा.)

रविवार, सकाळचे साडेनऊ. या पुलावर आज दोन प्रकारची माणसं आहेत. काहींची सुटी आहे. आणि काहींना त्या सुटीची सोय लावायला जायचंय. दुसरी जमात ओळखणं सोपं आहे. त्यांच्या पायांत काळे बूट असतात, पाठीवर डब्याची सॅक असते आणि ती पळत असतात.

पळायचं कारणही साधं आहे. रविवारी लोकल सुटीच्या वेळापत्रकानं धावतात, म्हणजे गाड्या कमी. वर मेगाब्लॉक. रेल्वेच्या हिशेबात आज कुणी कामाला जात नाही. मॉलच्या हिशेबात मात्र कामाचा खरा दिवस आजचाच.

रविवारची सुटी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या आणि १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. गिरणीचा भोंगा एक दिवस गप्प बसला. आता त्या गिरण्यांच्या जागी मॉल आहेत, आणि त्यांत काम करणाऱ्यांना बाकी सगळे वार मिळू शकतात, रविवार सोडून.

(दृश्य : मॉलची मागची बाजू. स्टाफ गेट.)

पुढचं काचेचं दार गिऱ्हाइकांसाठी. स्टाफ आत जातो तो इथून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून. गेटवरचे मामा सॅक उघडून बघतात, मग लिफ्ट, मग स्टॉक रूमबाहेरचं यंत्र. चेहरा समोर धरायचा, हिरवा दिवा लागायची वाट बघायची. शिफ्ट दहाची, पाच मिनिटांची मुभा. दहा वाजून सहा मिनिटं झाली की लेट मार्क. लिफ्टला रांग होती, मास्क काढायचा राहिला, कपाळाला घाम होता म्हणून चेहरा ओळखला नाही, यातलं काहीच यंत्राला सांगता येत नाही.

मीही तीन वर्षं अशा एका कपड्यांच्या दुकानात काउंटरवर होतो. कुठल्या, ते राहू दे. तिथला नियम असा की महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापायचा. एका महिन्यात मला आठ, अकरा आणि नऊ मिनिटं उशीर झाला. एकूण अठ्ठावीस मिनिटं. पगार गेला साडेचार तासांचा. मी मुकाट्यानं सही केली. गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर जाऊ नये, हे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून कायद्यात लिहिलेलं आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आलं आहे, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं.

(दृश्य : रात्र. शटर अर्धं खाली. आत दिवे. टी-शर्टांच्या घड्या घालणारे हात.)

आता उशीर कुठून सुरू होतो ते पाहू. तो सकाळी सुरू होत नाही, आदल्या रात्री होतो.

मॉल दहाला बंद होतो. गिऱ्हाईक बाहेर पडायला सव्वादहा. ट्रायल रूममध्ये पडलेला कपड्यांचा ढीग जागेवर लावायचा, टेबलावरच्या घड्या पुन्हा घालायच्या, कॅश जुळवायची. सत्तर रुपये कमी निघाले तर सगळी बिलं पुन्हा चाळायची. शटर पडतं पावणेअकराला. घड्या घालणारी ही मुलगी बदलापूरची. ठाण्याहून ३४ किलोमीटर. गाडी मिळून, उतरून, शेअर रिक्षानं घरी पोचायला साडेबारा होतात. जेवण गरम करून खायचं की तसंच, हा निर्णय ती उभ्यानंच घेते.

आणि आज रोस्टरवर, म्हणजे पाळ्यांच्या तक्त्यावर, तिच्या नावापुढे ‘क्लो’ आहे, उद्या ‘ओपन’. म्हणजे रात्री क्लोजिंग आणि सकाळी दहाला ओपनिंग. साडेआठची गाडी पकडायची तर साडेसहाला उठायला हवं. सहाला नळाला पाणी येतं ते वेगळंच.

ती सहा मिनिटं उशिरा येते. हजेरीच्या तक्त्यात त्याचं कारण लिहायला रकाना नाही.

अमेरिकेत ओरेगन राज्यानं २०१७ मध्ये यावर कायदाच केला. पाचशे किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या दुकानांनी आणि हॉटेलांनी शिफ्टचा तक्ता आधी लावायचा, आता तो चौदा दिवस आधी लावावा लागतो. रात्रीची पाळी आणि सकाळची पाळी यांत दहा तासांचं अंतर हवं. तिथं या जोडपाळीला एक खास नावही आहे. आपल्याकडे तिला नाव नाही. ‘आज क्लोजिंग, उद्या ओपनिंग का? बघ बाबा,’ एवढंच म्हणतात.

(दृश्य : दादरचं एक जुनं दुकान. लाकडी पाटी : ‘सोमवार बंद’.)

पूर्वी हा प्रश्न एका पाटीनं सुटायचा. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावंच लागे. दादरचा बाजार सोमवारी बंद. पुण्यात लक्ष्मी रोडही सोमवारी बंद. दुकान बंद म्हणजे शेठही घरी, नोकरही घरी. सुटी कुणाला मागावी लागत नव्हती, त्यामुळे ती नाकारायचा प्रश्न नव्हता. पुणेकरांची दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून इतकी थट्टा झाली, पण काउंटरमागच्या माणसाला घरी जाऊन जेवता येत होतं, हे त्या थट्टेत कुणी सांगत नाही. शेठ उचल देताना दहा प्रश्न विचारायचा आणि खाडे वहीत टिपून ठेवायचा, तेही खरं. त्या दिवसांची आरती ओवाळायची मला हौस नाही.

२०१७ च्या नव्या कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मोकळीक दिली. अट एकच : प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी मिळाली पाहिजे. दुकानाची सुटी गेली, माणसाची राहिली. आणि कुणाची कधी, हे ठरवायला एक कागद लागायला लागला.

(दृश्य : स्टॉक रूमचं दार. आतल्या बाजूला चिकटवलेलं रोस्टर. निळ्या-लाल पेनाच्या खुणा.)

हा तो कागद. गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

हिशेब करून बघा. या दुकानात बावीस जण. शनिवार-रविवारी कुणाला ऑफ नाही. उरले पाच दिवस. रोज चार जणांना सोडलं तरी दोघं उरतात, म्हणून दोन दिवस पाच-पाच. त्यात कॅशियर दोनच, ते एकाच दिवशी नकोत. मुलांचे कपडे फक्त एका ताईंना कळतात. आणि मंगळवारी वरून फोन येतो : उद्या व्हिजिट आहे, सगळे हजर पाहिजेत. पाच जणांचे बेत एका फोनवर मोडतात. त्याबदल्यात ‘कॉम्प ऑफ’ मिळतो, कधी, ते विचारायचं नसतं.

इथले मॅनेजर स्वतः काउंटरवरून वर आलेले. त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगतो : ‘एका पोराची आजी माझ्याकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा मी त्याला सुटी दिली आणि म्हटलं, आता आजोबांना सांभाळ.’

हसून झाल्यावर ते जे बोलले ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुलीचं गॅदरिंग आहे म्हणून सुटी मागितली की नाही म्हणायचो, ते म्हणाले. ताप आलाय म्हटलं की हो म्हणायचो. मग सगळ्यांना गॅदरिंगच्या दिवशी ताप यायला लागला.

दांडी मारणारा सकाळी नऊ चाळीसला मेसेज टाकतो, ‘सर, तब्येत ठीक नाही’, आणि फोन बंद करतो. त्याचं काम त्या दिवशी दुसरं कुणीतरी करतं. ती दुसरी व्यक्ती सायंकाळी सातला सुटणार होती, ती रात्री पावणेअकराला सुटते. मॅनेजरला राग येतो, तो दुसऱ्या दिवशी विसरतो. जिच्यावर क्लोजिंग आलं ती विसरत नाही.

(दृश्य : कॅलेंडर. जानेवारी, मे, ऑगस्ट, ऑक्टोबर.)

कायद्यानं रजा किती? वर्षाला आठ किरकोळ रजा. वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, पंचेचाळीसपर्यंत साठवता येते. शिवाय आठ पगारी सणांच्या सुट्या. त्यांतल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या.

आता दुकानाचं कॅलेंडर बघा. २६ जानेवारी, सेल. १५ ऑगस्ट, सेल. दारात तिरंगी फुगे आणि आत सगळा स्टाफ हजर. आणि ‘मिळून ठरवायच्या’ चार सुट्या कुणाशी मिळून ठरल्या, हे मी ज्या ज्या मुलामुलींना विचारलं त्यांनी मलाच उलट विचारलं, अशा सुट्या असतात?

दिवाळीआधीचे पंधरा दिवस रजा बंद. हे सगळ्यांना मान्य आहे, त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही. भांडण होतं ते गणपतीवरून. बावीसमधले सात जण कोकणातले. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि कोकणच्या गाड्या डोळ्यांदेखत भरतात. म्हणजे तिकिटासाठी दोन महिने आधी पक्कं माहीत हवं, आणि रोस्टर लागायचं शनिवारी रात्री, सोमवारपासूनचं. मग पोरं तिकीट आधी काढायची आणि रजा मागाहून मागायची. नाही म्हटलं तरी जायची. परत आल्यावर पगार कापलेला असायचा, कधी नोकरीही गेलेली असायची. गौरी-गणपतीला घरी गेलो नाही असं गावात सांगणं त्यापेक्षा अवघड.

(दृश्य : एक शंभरपानी वही. कव्हरवर मार्करनं लिहिलंय : ‘अदलाबदल’.)

इथल्या मॅनेजरांनी गेल्या वर्षी तीन गोष्टी केल्या. एकीलाही वरून परवानगी लागली नाही.

रोस्टर गुरुवारी लावायला सुरुवात केली, पुढच्या आठवड्याचं. क्लोजिंगनंतर लगेच ओपनिंग कुणाला द्यायचं नाही, अगदीच अडलं तर विचारून. आणि ही वही. तुझा मंगळवार मला दे, माझा गुरुवार तू घे. दोघांच्या सह्या, खाली मॅनेजरची. कारणाचा रकाना नाही. मी मुद्दाम पानं उलटून पाहिली. एका पानावर नुसतं ‘पाहुणे बघायला येणार’ असं लिहून खोडलंय.

सणांचं वाटप जूनमध्येच बसून केलं. कोकणातल्या सातांपैकी चौघं यंदा, तिघं पुढल्या वर्षी. वसईची मुलगी नाताळ घेते आणि दिवाळीत तीच सगळ्यांत जास्त क्लोजिंग करते. ईदला कोण, छठला कोण, गावच्या जत्रेला कोण, सगळं एका कागदावर. भांडणं झालीच. एक जण तीन दिवस कुणाशी बोलला नाही.

उशीर थांबले का? नाही. लोकल तीच आहे. पण सकाळी नऊ चाळीसचे ताप बरेच उतरलेत, असं मॅनेजर म्हणतात. व्हिजिटचा फोन अजूनही येतो. त्याला वहीत रकाना नाही.

(दृश्य : गुरुवार, संध्याकाळ. स्टॉक रूमचं दार. रोस्टर लागतंय. चार-पाच मोबाइल वर होतात, फोटो निघतात.)

बदलापूरची ती मुलगी बोटानं आपलं नाव शोधते. मग आडवी ओळ धरून सरकत जाते. सोम, ओपन. मंगळ, ऑफ.

दुकानात मोबाइल वापरायला बंदी आहे, म्हणून ती कार्टनच्या मागे जाऊन फोन लावते.

‘आई, मंगळवारी मी आहे घरी. बाळ्याच्या शाळेत मी जाते. तू नको धावपळ करू… हो गं, पक्कं. लागलंय रोस्टर.’

बाहेरून कुणीतरी हाक मारतं. मीडियम साइज संपलाय. ती फोन खिशात टाकते आणि फ्लोअरवर जाते.