भुतानं हसायचं नसतं

(पडदा काळा. फक्त आवाज.)

"रात्री बाराच्या सुमारास दारावर थाप पडली. मी दार उघडलं. बाहेर देवचार उभा. खांद्यावर कांबळं, हातात काठी, तोंडात विडी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, 'उजो आसा रे, पुता?'"

(चित्र उघडतं. फोंड्यातल्या एका घराची मागची खोली. भिंतीला उभ्या केलेल्या गाद्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, मधोमध माइक.)

देवचार म्हणजे गोव्यात गावाची राखण करणारं भूत, आणि तो कोकणीत विचारतोय, 'विस्तव आहे का रे, पोरा?' विनोदी भुतांच्या ऑडिओबुकवरच्या या फिल्मसाठी हा उतारा मुद्दाम लिहिला. वाचणारा हौशी नाटकवाला आहे, जत्रेतल्या नाटकांत राजे आणि राक्षस दोन्ही केलेला. आधी त्यानं देवचाराला राक्षसाचाच आवाज दिला. खर्ज, ओढलेले स्वर, 'पुता'वर एक गडगडाट. खोलीत कुणी घाबरलं नाही आणि हसलंही नाही. मग त्यानं तेच गमतीनं वाचलं. म्हणजे विनोद येतोय हे आधीच कळावं असं, ओठांत हसू ठेवून. ते आणखी वाईट झालं. शेवटी वैतागून म्हणाला, "आता मी नुसतं वाचतो." तेव्हा कुठे देवचार दारात आला. गावाची वेस राखून दमलेला, विडी ओढायची तल्लफ आलेला, पण काडी नसलेला म्हातारा. तुम्ही आत्ता ऐकलंत ते हे वाचन.

विनोदी भुताखेतांचं ऑडिओबुक जमतं की फसतं, ते बहुतेक वेळा इतक्यावरच ठरतं. वाचणाऱ्याचा भुतावर विश्वास हवा. ऐकणाऱ्याचा नसला तरी चालतं.

(बाणस्तारी पूल. सकाळची पणजीकडे जाणारी बस.)

या बसमधून रोज फोंड्याहून पणजीला नोकरीला जाणारी आमची एक मैत्रीण असल्या पुस्तकांची पट्टीची श्रोती आहे. भाडं थकवणारे व्हँपायर, नवस फेडून घ्यायला दारात येऊन बसलेले समंध, सरकारी खात्यात अडकलेल्या चेटकिणी, काहीही चालतं. ती म्हणते, "बसमध्ये मी एकटीच हसते. शेजारची बाय आधी माझ्याकडे बघते, मग सरकून बसते." पुस्तक निवडताना ती लेखकाचं नाव नंतर बघते. आधी नमुन्याची पाच मिनिटं ऐकते. आवाज पटला नाही तर कथा कितीही चांगली असो, पुढे जायचं नाही.

हे ऐकायला अन्यायाचं वाटतं. लेखकानं वर्षभर घासून लिहायचं आणि निकाल पाच मिनिटांत दुसऱ्याच्याच आवाजावर लागायचा. पण हिशेब करून बघा. इंग्रजी वाचनात तासाला साधारण ९,३०० शब्द होतात. नव्वद हजार शब्दांची कादंबरी म्हणजे जवळजवळ दहा तास. दहा तास एकच माणूस तुमच्या कानात बोलणार आहे. पाहुणाही एवढा वेळ बसत नाही.

(पडद्यावर हेडफोन, लाटांसारखी हलणारी ध्वनिरेषा.)

आवाजाचं हे वजन किती असतं, याचा एक किस्सा इंग्रजी श्रोत्यांमध्ये प्रसिद्ध आहे. जिम बुचर यांची 'ड्रेस्डेन फाइल्स' ही मालिका. नायक शिकागोतला जादूगार, आणि तोही असा की फोनबुकात 'जादूगार' या मथळ्याखाली त्याचं नाव सापडतं. ही पुस्तकं वाचायचे जेम्स मार्स्टर्स. हे नट टीव्हीवर व्हँपायरचं काम करून गाजलेले, त्यामुळे माणूस या खात्यातला अनुभवी. २०११ मध्ये 'घोस्ट स्टोरी' हा भाग आला तेव्हा मार्स्टर्स नव्हते. वाचन केलं जॉन ग्लोव्हर यांनी. तेही मुरलेले नट. पण श्रोते बिथरले. एवढी पुस्तकं ज्याच्या तोंडून नायक बोलला, तो आवाजच गेला होता. २०१५ मध्ये तेच पुस्तक मार्स्टर्सकडून नव्यानं वाचून घेऊन पुन्हा काढावं लागलं.

यातली गंमत अशी की या भागात नायक स्वतःच भूत झालेला असतो. कुणी म्हणेल, माणूस मेलाय, आवाज बदलला तर कुठे बिघडलं? पण बिघडलं. श्रोत्याच्या लेखी शरीर गेलं तरी चालतं, आवाज जाऊन चालत नाही.

दुसरं उदाहरण टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड'चं. तिथे मृत्यू हे एक पात्र आहे, कामाला पक्कं आणि स्वभावानं सज्जन. छापील पुस्तकात तो बोलतो ते सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय. नुसतं पान बघूनच हसू येतं. २०२२ पासून ही पुस्तकं नव्यानं ध्वनिमुद्रित होऊन आली. वाचणारे पुस्तकागणिक बदलले, पण मृत्यूचा आवाज सगळीकडे एकच, पीटर सेराफिनोविच यांचा. आणि प्रॅचेटचे निम्मे विनोद ज्यांत दडलेले असतात त्या तळटीपा वाचायला आणखी वेगळा माणूस, बिल नाय. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे मृत्यूची ती छापील गंमत मराठी पानावर जशीच्या तशी यायची नाही. मराठी माइकवर मात्र ती उद्या करता येईल.

(जुन्या कॅसेटचं चाक फिरतंय.)

मराठी कानाला हे सगळं काही परकं नाही. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं तेव्हा पहिल्याच दिवसापासून इंग्रजी-हिंदीसोबत मराठी होतं, ते उगाच नाही. पुलंना वाचण्याआधी ऐकलेली माणसं घरोघर आहेत. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत हिंडले. मिरासदारांचा आवाज आठवून बघा. समोर अख्खं सभागृह खिदळतंय आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही.

पण कथाकथनकाराकडे एक गोष्ट असते जी ऑडिओबुकवाल्याकडे नसते. समोरचं हसू. ते येतं तेव्हा तो थांबतो, ओसरू लागलं की पुढचं वाक्य टाकतो. बंद खोलीत वाचणाऱ्याला कुणीच हसून दाखवत नाही. त्याला न ऐकू येणाऱ्या हसण्यासाठी जागा सोडावी लागते, आणि तीही नेमकी. थोडी कमी सोडली तर श्रोत्याचं हसू पुढच्या वाक्यावर सांडतं. जास्त सोडली तर वाटतं, नेट गेलं.

आता या जागेचं तुम्ही काय करता? बरेचजण दीडपट वेगानं ऐकतात. दोन सेकंदांची शांतता तिथे सव्वा सेकंदाच्या आसपास येते. काही अ‍ॅप तर मधली शांतता आपणहून छाटतात. रहस्यकथेला हे एकवेळ खपेल. विनोदी भुताला नाही. दार उघडलं आणि देवचार बोलला, या दोहोंमधल्या जागेतच तर तो उभा असतो. आमची मैत्रीण बाकी सगळं दीडपट ऐकते, भुतं मात्र साध्या वेगानं.

(रात्र. पेडण्यातलं देवळाचं आवार. पेटीचा सूर, तबला, झांज.)

भीती आणि हसू एकाच ताटात वाढायची सवय गोव्याला जुनी आहे. पेडण्याच्या बाजूला जत्रेनंतर रात्री दशावतार रंगतो. सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो. काळा पोशाख, डोक्यावर टोकदार काळी टोपी, बाहेर लोंबणारी लाल जीभ. नावानं असुर, वेद पळवणारा. पण तोंड उघडलं की मालवणीतून फिरक्या सुरू, आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराआडून हसतात. पदर सोडत नाहीत, हे महत्त्वाचं. संवाद कुठे लिहिलेले नसतात. आजचं आख्यान कोणतं एवढं ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर सुचेल तसं.

हे कान घेऊन बसलेल्या माणसाला दाराचा करकराट, कोल्हेकुई आणि मागे घुमणारं संगीत घातलेलं ऑडिओबुक दिलं की तो कंटाळतो. आमचं मत विचाराल तर विनोदी भुताच्या गोष्टीत ध्वनिपरिणाम मीठासारखेही नकोत. करकराट वाजला की श्रोत्याला आधीच कळतं, आता घाबरायचंय. मग फजिती कशाची करणार? आकाशवाणीच्या श्रुतिकेत ते शोभतं, तिथे चार नट असतात आणि दार कुणी उघडलं ते सांगावंच लागतं. एकट्या वाचकाला ती गरज नसते.

(आमोणे. वेताळाचं देऊळ.)

आणि वेताळ. गोव्यातल्या कितीतरी गावांचा तो देव, इथे आमोण्यातही. पण पंचविशीतला वेताळ आठवा. राजाच्या पाठीवर बसून थेट त्याच्या कानात गोष्ट सांगणारा. ऐकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही ही अट. गोष्ट संपली की प्रश्न असा टाकायचा की राजाला बोलल्याशिवाय राहवू नये, आणि बोलला की हा परत झाडावर. प्रेत बोलतंय याचं भय पहिल्या गोष्टीनंतर कुणाला उरत नाही. उरतो तो त्याचा खवचट सूर. सोमदेवानं अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त हे प्रेत घेतलं, तेव्हा हेडफोन नव्हते एवढंच.

(परत फोंड्यातली खोली. माइकपाशी हिरवं सफरचंद.)

सफरचंद भुकेसाठी नाही. तोंड चिकट झालं की जिभेचे बारीक चटचट आवाज माइकमध्ये येतात, ते यानं कमी होतात. माइकच्या जवळ सरकलं की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो, म्हणून भुताचं वाक्य आलं की आमचा नट चार बोटं पुढे येतो, नायक बोलू लागला की मागे. ओरडायची गरज पडत नाही. खोलीची शांतताही मोजून घेतात. ऑडिओबुकच्या जागतिक बाजारात मागचा गोंगाट उणे साठ डेसिबलच्या खाली लागतो. गादीनं आणि कपाटानं भिंतीवरून परतणारा आवाज गिळला जातो. गोव्याचं काय करायचं, हे गादीला ठाऊक नाही. पावसात कौलांवर जो मारा होतो, त्यात वाचन नाहीच. संध्याकाळी बेडूक. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा, त्यामागून मासळीवाली, मग गॅसची गाडी.

म्हणून रेकॉर्डिंगची वेळ ठरते दुपारी दोन ते तीन. जेवून सगळं गाव आडवं झालेलं, दुकानांची दारं ओढलेली, कुत्रासुद्धा भुंकायचा आळस करतो.

सासष्टी तालुक्यात राय गावात इगोर्चें बांध म्हणून जागा आहे. तिथलं भूत रात्री येत नाही असं सांगतात. त्याची वेळही हीच, दुपारी दोन ते तीन. अख्खा गोवा झोपलेला असताना एकटं ड्युटीवर. याच्यावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी. वाचायला आमचा नट तयार आहे, फक्त त्याची अट अशी की रेकॉर्डिंगला कुणीतरी सोबत बसायचं.