'पॅनोरमा'वरून एवढे वाद का होतात?

नमस्कार मंडळी! न्यू वेव्हमधला, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेल्या रॉकच्या नव्या लाटेतला, एक अल्बम असा आहे, की त्याचं नुसतं नाव काढलं तरी बँडच्या चाहत्यांत दोन तट पडतात. बॉस्टनच्या 'द कार्स' या रॉक बँडचा 'पॅनोरमा', ऑगस्ट १९८०.

पहिला तट म्हणतो, थंड आहे, रूक्ष आहे, एकही गाणं ओठांवर रुळत नाही. दुसरा म्हणतो, यांचं सगळ्यात धाडसी काम हेच. आणि आकडे बघून निकाल लावावा, तर तेही दोन्हीकडून बोलतात. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत, हा अल्बम पाचव्या नंबरपर्यंत गेला; १९७८चा पहिला, लाडका अल्बम अठरावर थांबला होता. पण 'पॅनोरमा'तलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'टच अँड गो' सदतिसाव्या नंबरपलीकडे गेलंच नाही.

बरं, माणसं तीच होती. पाच वादक तेच आणि निर्माता रॉय थॉमस बेकरही तोच, ज्याने क्वीन या बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' घडवलं. पहिल्या अल्बममध्ये त्याने आवाजांचे थरावर थर चढवले होते, ऐकताना कसं भरलेलं वाटायचं. इथे ग्रेग हॉक्सचा सिंथेसायझर पुढे येऊन बसलाय आणि सगळाच रंग काळपट झालाय.

आता 'टच अँड गो' नीट ऐका. कडव्यात बास आणि ड्रम्स पाच मात्रांचं आवर्तन धरतात, गायक रिक ओकासेक मात्र वर चार मात्रांत गातोय. म्हणजे दोघांची सम जुळणार थेट वीस मात्रांनंतर. तोवर गाणं सतत घसरतंय असं वाटतं, पायाने ठेका धरायला जावं तर चुकतो. मग ध्रुवपद येतं, सगळे चार मात्रांवर येतात आणि गाणं अक्षरशः दौडत सुटतं! त्यात एलियट ईस्टनचा गिटार सोलो. वा! रूक्ष म्हणणाऱ्यांनी हा सोलो पुन्हा एकदा ऐकावाच.

माझं मत सांगतो. मी दुसऱ्या तटात आहे. चाल शोधत गेलात तर हा अल्बम हात आखडता घेतो, पण लयीत आणि नादात भरभरून देतो. पहिल्या अल्बमवर जीव जडलेल्यांना तो परका वाटतो, तर सिंथेसायझरच्या संगीतातून इकडे आलेल्यांना आपला. तरी पहिल्या तटाची एक तक्रार मला मान्य आहे: उत्तरार्धातली काही गाणी रेंगाळतात.

१९८१ साली बँडचा पुढचा अल्बम 'शेक इट अप' आला, पुन्हा झगमगीत पॉप, आणि त्याचं शीर्षकगीत चौथ्या नंबरवर गेलं. 'बघा, बँडलाच चूक कळली,' असं पहिला तट म्हणतो. मला ते पटत नाही. बाजार कुठे आहे ते कळलं, एवढंच त्यातून दिसतं.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर सुरुवात शीर्षकगीताने करू नका, ते जवळजवळ सहा मिनिटांचं आहे. आधी 'टच अँड गो', मग बँडचा दुसरा गायक बेंजामिन ऑर याच्या आवाजातलं 'डोन्ट टेल मी नो'. आणि हेडफोन लावूनच ऐका, फोनच्या स्पीकरवर तो बास हरवतो.