मानफलकावर नाव चढण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगावच्या कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ सालचं, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांचं. तिथले माजी विद्यार्थी स्वतःला पॉलाइट्स म्हणवतात आणि फादर एडींच्या स्मरणार्थ आंतरशालेय फुटबॉल स्पर्धा भरवतात. फादरच्या नावाने फुटबॉल, याचं आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. कॅथलिक शाळा आणि मैदान यांचं नातं इतकं जुनं आहे. तरी बहुतेक शाळांत जुन्या खेळाडूंची आठवण म्हणजे हेडमास्तरांच्या खोलीतले काळवंडलेले कप. कपावर साल असतं, स्पर्धेचं नाव असतं, खेळलेल्या मुलांची नावं नसतात. शिकवणाऱ्या सरांचं तर नसतंच. अशा शाळेत माजी खेळाडू आणि प्रशिक्षकांचा मानफलक उभा करायचा, तर काम कसं करावं, हा आजचा विषय.

बिघाड पहिल्या बैठकीतच होतो. चहा येतो, पाच मिनिटांत चार नावं ठरतात आणि मग त्या नावांना बसेल असा नियम लिहिला जातो. क्रम उलटा हवा. एकही नाव निघण्याआधी नियम इतिवृत्तात लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. समिती सात जणांची पुरे: शाळेचे दोन, माजी विद्यार्थ्यांचे तीन, एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक आणि एक बाहेरचा, ज्याला खेळ कळतो पण शाळेशी देणंघेणं नाही. खेळाडूला शाळा सोडून किमान दहा वर्षं झालेली असावीत. निवड गुप्त मतदानाने, सातांपैकी पाच मतं मिळाली तरच. वर्षाला चारपेक्षा जास्त नावं नकोत. पहिल्याच वर्षी पंचवीस जणांना शाली घातल्या, तर तिसऱ्या वर्षी कोणाला बोलवायचं हा प्रश्न पडतो, आणि मग देणगीदारांचे चिरंजीव आठवू लागतात.

आता पुरावा. शाळेचं जनरल रजिस्टर हा पाया. त्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. नुसत्या नावावर विसंबू नये. एका इयत्तेत तीन पाटील आणि दोन फर्नांडिस सहज निघतात, आणि एकच आडनाव इंग्रजी, मराठी, कन्नड कागदांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. रजिस्टर नंबर आणि जन्मतारीख दोन्ही जुळली, तरच तो माणूस पक्का.

सीमाभागात आणखी एक गंमत आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात आला, आणि १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्यामुळे एकाच शाळेच्या प्रमाणपत्रांवर तीन राज्यांची नावं सापडतात. १९५५ च्या कागदावर मुंबई राज्य पाहून तरुण सभासदाला तो खोटा वाटतो. तो खोटा नसतो. उलट १९५५ च्या कागदावर म्हैसूर असेल, तर शंका घ्यावी. चंदगडकडून येऊन इथे शिकलेला मुलगा पुढे कोल्हापूरकडून खेळला, खानापूरचा गोव्याकडून खेळला, तरी तो शाळेचाच. पुढे कुठल्या राज्याची जर्सी घातली यावर वाद घालू नये, आणि तसं नियमात स्पष्ट लिहावं.

विक्रमांची तुलना हे सर्वांत निसरडं काम. जुन्या शाळांत १०० यार्ड धावत, म्हणजे ९१.४४ मीटर. ती वेळ १०० मीटरच्या वेळेशेजारी मांडली की आजोबा नातवापेक्षा सेकंदाने वेगवान ठरतात. स्टॉपवॉचची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ यांतही फरक आहे. १०० आणि २०० मीटरला हातघड्याळाच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवण्याचा संकेत आहे, म्हणजे ११.२ ची वेळ ११.४४ धरायची. पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य १९८६ साली पुढे सरकवला, तेव्हा फेकीची अंतरं कमी झाली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत बसत नाहीत. जुने मुलगे वाळूच्या खड्ड्यात पडायचे म्हणून उंच उडी कात्री पद्धतीने, म्हणजे एकेक पाय दांडीवरून टाकत, मारत, कारण पाठीवर पडायला जाड गादीच नव्हती. गोळ्याचं वजनही वयोगटाप्रमाणे बदलतं, आणि प्रमाणपत्रावर ते क्वचितच लिहिलेलं असतं.

याचं नामी उदाहरण आपल्या घरचंच आहे. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. आजच्या वेळांशेजारी ठेवलं तर हा आकडा साधा दिसतो. पण त्या वर्षीचं अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटरहून जास्त. म्हणून आकडे एकमेकांत बदलत बसण्यापेक्षा त्या खेळाडूचा त्या वर्षीच्या स्पर्धेत कितवा नंबर आला, स्पर्धा तालुक्याची, जिल्ह्याची, विभागाची की राज्याची, एवढं पाहावं. नंबर कधी जुना होत नाही.

सांघिक खेळात एकट्याला उचलू नये. शालेय फुटबॉल किंवा हॉकीत गोल कोणी केला याची नोंद फारशी नसते. असते ती ऐकीव, आणि गोल मारणाऱ्याची आठवण राहते, गोल अडवणाऱ्याची नाही. टोकियोत १९६४ साली सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय हॉकी संघात बेळगावचे बंडू पाटील होते. ते नाव फलकावर एकटं शोभतं. पण आंतरशालेय विजेत्या संघासाठी राखीव खेळाडूंसह सगळ्यांची नावं असलेला वेगळा संघ विभाग ठेवावा. नावं मिळतात ती जुन्या ग्रुप फोटोखालच्या पुठ्ठ्यावर, बसलेले आणि उभे, डावीकडून उजवीकडे. असा फोटो फ्रेममधून ओढून काढू नये. आपल्या पावसाळी हवेत तो काचेला चिकटलेला असतो आणि ओढला की चेहरेच सुटून येतात. काचेसकट, थोडा तिरका उजेड ठेवून, कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्यावा.

खरी कसोटी प्रशिक्षकांची. खेळाडूकडे प्रमाणपत्र तरी असतं. सरांकडे काय असतं? त्यांचं नाव कुठल्याच मेडलवर नाही. शिवाय अनेक प्रशिक्षक शाळेचे नोकर नव्हतेच. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथेच असल्याने निवृत्त सुभेदार, हवालदार संध्याकाळी मुलांना पळवायला येत, कधी मानधनावर, कधी फुकट. हजेरीपटात ते सापडणार नाहीत. शाळेच्या रोजकीर्दीत पन्नास-शंभर रुपयांच्या व्हाउचरवर सही सापडेल, तोच पुरावा. फुकट येणाऱ्याचं तेही नाही, तिथे निदान तीन वेगवेगळ्या बॅचच्या विद्यार्थ्यांची लेखी साक्ष घ्यावी.

‘प्रशिक्षकाची सेवा किमान दहा वर्षं’ असा नियम बाहेरून उचलला, की आपल्या शाळांत तो उलटतो. फादर, ब्रदर, सिस्टर यांची बदली होते. जेझुइट धर्मसंघात पूर्ण फादर होण्याआधी ब्रदर दोन-तीन वर्षं शाळेत काम करतात, आणि मैदान बहुधा त्यांच्याकडेच असतं. त्या दोन वर्षांत शून्यातून हॉकीचा संघ उभा करून ते पुढच्या शिक्षणाला निघून जातात. दहा वर्षांच्या चाळणीतून असा माणूस कायम गळणार. म्हणून वर्षं मोजण्याऐवजी विचारावं: हे यायच्या आधी शाळेत काय होतं, आणि ते गेल्यावर काय टिकलं? फादरांच्या निवासात हाऊस डायरी, म्हणजे रोजची नोंदवही, लिहिली जाते, त्यात सामन्यांच्या नोंदी मिळू शकतात. ती पाहायला रेक्टरांची, म्हणजे निवासाच्या प्रमुख फादरांची, परवानगी लागते. फादर-ब्रदर-सिस्टर यांच्या सन्मानालाही त्यांच्या वरिष्ठांची संमती आधी घ्यावी, नाहीतर पत्रिका छापून झाल्यावर नकार येतो. आणि हो, पहाटे चुन्याने ट्रॅक आखणारा शिपाई या विभागात बसतो. बसवावाच.

समारंभाचं थोडक्यात. ३१ जुलैचा संत इग्नेशियसचा सण धो धो पावसात येतो. ३ डिसेंबर, संत फ्रान्सिस झेवियरचा सण, चांगला वाटतो, पण डिसेंबरात बहुधा इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं आणि लॉजवर खोली मिळत नाही. मार्चमध्ये एसएसएलसी, म्हणजे दहावीची परीक्षा, आणि ईस्टरआधीचा उपासकाळ. जानेवारीचा शेवटचा शनिवार बरा. दिवंगतांसाठी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, ठेवावी आणि मुख्य कार्यक्रमात छोटी सर्वधर्म प्रार्थना, कारण सत्कारमूर्ती सगळ्या धर्मांचे असतात. मानपत्र १२० शब्दांचं, म्हणजे साधारण एक मिनिटाचं. स्मृतिचिन्हांना मागून नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात, नाहीतर डिसोझांचं कुलकर्णींच्या हाती जातं. ऐंशी वर्षांच्या सरांना पायऱ्या चढवू नका. पाहुण्यांनी खाली उतरावं.

फलक ग्रॅनाइटचा करावा. पितळ पावसाळ्यात काळं पडतं आणि फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फिका होतो. पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर लावू नये. भाषेचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. कन्नड, मराठी, इंग्रजी यांचा क्रम आणि आकार दगड कोरायला देण्याआधी व्यवस्थापनाकडून लेखी ठरवून घ्यावा. कोरण्याआधी नावांची यादी तीस दिवस नोटीस बोर्डावर लावावी, हरकती लेखी घ्याव्यात. त्या तीस दिवसांत चुकलेलं स्पेलिंगही सापडतं.

शेवटी, श्रोत्यांना एक विनंती. घरच्या ट्रंकेत शाळेच्या संघाचे जुने फोटो असतील, तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहून ठेवा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढून उमटतो. मूळ फोटो कोणाला देऊ नका, शाळेत नेऊन स्कॅन करून परत आणा. आणि घरातल्या ज्येष्ठांना त्यातली नावं आजच विचारा.

नमस्कार.