बुडालेल्या रानातले मासे

(पहाट. पाण्यावर धुकं. लाकडी वल्ह्यांचा आवाज.)

या माणसाच्या बसण्याकडे जरा नीट बघा. दोन वल्ह्यांची होडी चालवणारा एरवी जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. हा मात्र तोंड पुढे करून बसलाय. त्याच्या वल्ह्यांना मधोमध लोखंडी सांधा आहे. हात मागे ओढला की पातंही मागे जातं आणि होडी समोर सरकते. असं वल्हं इथे लागतंच, कारण पाण्याखाली वीतभरावर काय उभं आहे, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे रीलफूट तळं. अमेरिकेत टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीला लागून. विस्तार सुमारे १५ हजार एकर आणि सरासरी खोली जेमतेम पाच-साडेपाच फूट. इतकं मोठं आणि इतकं उथळ. त्याच्या तळाशी एक अख्खं रान बुडालेलं आहे.

(सायप्रसची झाडं. पाण्यात उभे बुंधे.)

१६ डिसेंबर १८११ च्या रात्री इथली जमीन हादरायला लागली, ती पुढे काही महिने हादरतच राहिली. सर्वांत मोठा धक्का ७ फेब्रुवारी १८१२ च्या पहाटेचा. काही ठिकाणी जमीन वर उचलली गेली, काही ठिकाणी खचली. मिसिसिपीचं पाणी काही काळ उलटं वाहिलं. रीलफूट नावाच्या ओढ्याची वाट उचललेल्या जमिनीने अडवली आणि खचलेल्या भागात पाणी साठत गेलं. झाडं होती तिथेच बुडाली.

आपल्या कोयनेला आधी जलाशय झाला आणि त्यानंतर, ११ डिसेंबर १९६७ ला, भूकंप. इथे भूकंप आधी आणि तळं मागून.

सायप्रसचं लाकूड सहजासहजी कुजत नाही. त्यामुळे दोनशे वर्षं उलटली तरी त्या रानाचे बुंधे चिखलात पाय रोवून आहेत. परक्या माणसाची मोटरबोट इथे आली की पंखा मोडून घेते. म्हणून इथल्या कारागिरांनी आपली वेगळी होडी घडवली. तिचं नावच ‘स्टंपजंपर’, म्हणजे बुंध्यांवरून उडी मारणारी. दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, सायप्रसच्याच फळ्यांची. कॅल्हून घराण्याने ती पिढ्यान् पिढ्या बांधली. त्या घरातल्या डेल कॅल्हून यांना १९९८ साली पारंपरिक कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. होडी बांधणाऱ्याला देशाने कलावंत म्हणावं, हे मला फार योग्य वाटतं.

(जवळून: लांब काठ्या, टांगलेले दोरे.)

आता मासे. बुंधे होडीचा घात करतात, पण माशांचं घर तेच. क्रॉपी हा इथला मानाचा मासा. तळहाताएवढा, चपटा, चांदीसारख्या अंगावर काळे ठिपके. उघड्या पाण्यात तो क्वचितच थांबतो. त्याला आडोसा लागतो, सावली लागते. वसंतात पाणी १६-१८ अंशांपर्यंत तापलं की क्रॉपी अंडी घालायला उथळात येतात. मादी अंडी घालून निघून जाते, नर घरट्यावर पहारा देत राहतो. डॉगवूडची पांढरी फुलं फुलली की क्रॉपी काठाला आले, हा इथल्या लोकांचा जुना हिशोब.

गळ टाकण्याची रीत बघा. दोरा लांब फेकायचा नाही. दहा-बारा फुटी काठी बुंध्याच्या अगदी अंगाशी न्यायची आणि आमिष सरळ खाली सोडायचं. गळाला जिवंत छोटी मासळी. ती तळापर्यंत जाऊ द्यायची नाही, कारण क्रॉपीचे डोळे वर बघणारे असतात. आमिष त्याच्या डोक्यावर हवं. खाली गेलं तर त्याला दिसतच नाही.

(काठीचं टोक किंचित वाकतं.)

लागला. पण झटका नाही. क्रॉपीच्या ओठांची कातडी कागदासारखी पातळ असते. जोर लावला की ओठ फाटतो, गळ मोकळा होतो आणि मासा गेला. काठी हळूच उचलायची, आणि मासा पाण्याबाहेर येण्याआधीच खालून हातजाळी धरायची. हे शिकायला लहान मुलाला एक मोसम पुरतो. मोठ्या, घाईच्या माणसाला कधीकधी तीन लागतात.

बासची तऱ्हा वेगळी. मोठ्या तोंडाचा हा बास पिवळ्या कमळांच्या पानांखाली दबा धरून बसतो. पानांवरून रबरी बेडूक ओढत न्यायचा. पानाखालून पाणी फुटतं आणि बेडूक गायब. ती झुंज पाहण्यासारखी असते, पण इथल्या चुलीचा मासा क्रॉपीच.

(जुनी छायाचित्रं.)

मासा चुलीवर यायचा तर तळं आपलं हवं. चिकसॉ लोकांची ही जमीन १८१८ च्या करारानंतर गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेली. काठावरची गरीब कुटुंबं तळ्यावर जगू लागली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्ट टेनेसी लँड कंपनीने तळ्यावर मालकी सांगितली. आधार होता भूकंपाच्या आधीच्या जमिनीच्या कागदांचा. जी जमीन पाण्याखाली गेली, तिचे कागद दाखवून पाण्यावर हक्क. कोळ्यांना हे पटणं शक्यच नव्हतं.

१९०८ च्या ऑक्टोबरात तोंडं झाकलेल्या घोडेस्वारांनी कंपनीच्या दोन वकिलांना मुक्कामातून उचललं. कॅप्टन रँकिन यांना फाशी देऊन गोळ्या घातल्या. कर्नल टेलर पाण्यात उडी मारून एका ओंडक्याआड लपले आणि वाचले. असल्याच टोळ्यांनी त्या भागातल्या काळ्या कुटुंबांवरही अत्याचार केले. त्या कृत्यांना माझ्याकडे क्षमा नाही. कोळ्यांचं मूळ गाऱ्हाणं मात्र खरं होतं. पुढच्या काही वर्षांत तळं राज्याच्या ताब्यात आलं, सर्वांसाठी खुलं झालं.

(आजचा काठ. गढूळ ओहोळ.)

आजची काळजी गाळाची. पूर्वेकडच्या टेकड्या भुसभुशीत मातीच्या आहेत. शेतं नांगरली, पाऊस पडला की ती माती ओहोळांतून इथेच येते. मुळात पाच फूट पाणी. त्यात दरवर्षी थोडी माती. खोडांभोवतीच्या ज्या कपारींत क्रॉपी राहतो, त्याच आधी बुजतात. गाळ अडवायला वरच्या बाजूला खड्डे केलेत, पण वरच्या शेतातली माती वरच थांबायला हवी.

(तिन्हीसांज. तीच होडी.)

सकाळचाच माणूस पुन्हा निघालाय, कॅटफिशसाठी. आपल्या शिंगटीचाच हा लांबचा भाऊबंद. मिशा तशाच, परांचा काटा तसाच बोचरा. याला अंगभर चव कळते, त्यामुळे गढूळ अंधारातही आमिष सापडतं. एका लांब दोरीला हात-दीड हातावर गळ बांधलेत, प्रत्येकाला माशाचा वास मारणारा तुकडा.

एक टोक त्याने सायप्रसच्या बुंध्याला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. आता तो दोरी सोडत पुढे चाललाय, समोर बघत.