बोर्नियोच्या जंगलात जमीन केवढ्याला मिळते? | सुंगाई उतिकची गोष्ट

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर नकाशा, बाजूला कोरा कागद आणि पेन]

नमस्कार मंडळी. मध्यंतरी माझ्या मावसभावाचा फोन आला. बोर्नियोच्या जंगलाचे फोटो बघून गडी हरखून गेला होता. म्हणाला, "ताई, तिकडं नदीकाठी एखादा एकर घेऊन ठेवला तर केवढ्याला पडेल गं?" एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं असं वाटलं, पण ते जमेना. म्हणून आज त्याला आणि तुम्हाला एका गावाची गोष्ट सांगते. गावाचं नाव सुंगाई उतिक.

[नकाशावर बोट]

हे बोर्नियो बेट. याचा मोठा भाग इंडोनेशियाचा, त्याला कालिमांतान म्हणतात. पश्चिमेला हे पोंतियानाक शहर. विषुववृत्त या शहरातूनच जातं. इथून कापुआस नदी धरून आत आत जायचं. 1,143 किलोमीटरची ही इंडोनेशियातली सगळ्यात लांब नदी. तिच्या वरच्या अंगाला पुतुसिबाउ नावाचं गाव आहे, ते जिल्ह्याचं ठिकाण. जिल्हा कापुआस हुलू. हुलू म्हणजे नदीची वरची बाजू. पुतुसिबाउहून मलेशियाच्या हद्दीकडं जो रस्ता जातो, त्याच्या बाजूला सुंगाई उतिक आहे. इथं इबान लोक राहतात. दायाक म्हणून बोर्नियोतले जे अनेक समाज ओळखले जातात, त्यांतला हा एक.

आता गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आळ्या येतात, पार येतो, देऊळ येतं. इथं तसं नाही. इथलं जुनं गाव म्हणजे एकच लांबलचक घर.

[कागदावर रेघा ओढत]

हे बघा. ही लांब पट्टी म्हणजे घर, जमिनीपासून उंच, लाकडी खांबांवर उभं. मधोमध आडवी भिंत. भिंतीच्या एका अंगाला ओळीनं खोल्या, त्यांना बिलिक म्हणतात. एक बिलिक म्हणजे एक कुटुंब. सुंगाई उतिकच्या घराला अशी 28 दारं आहेत. भिंतीच्या दुसऱ्या अंगाला ही सलग ओसरी, रुआई. या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये एकही आडभिंत नाही. चटया विणणं, जाळी दुरुस्त करणं, पाहुणा बसवणं, भांडण मिटवणं, लहान पोरांचं पळापळी खेळणं, सगळं रुआईवर. आणि बाहेर हा उघडा माच, तांजू. भात वाळत घालायचा तो इथं.

मला या घरातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. दिसायला घर एक, पण मालकी एक नाही. प्रत्येक कुटुंबाचं आपलं बिलिक, त्यासमोरचा रुआईचा तुकडा आणि तांजूचा तुकडा, हे त्या कुटुंबाचं. डागडुजी त्यांनीच करायची. पण तुमच्या दारासमोरच्या रुआईवरून कुणाला जाऊ द्यायचं नाही असं तुम्ही म्हणू शकत नाही. मालकी तुमची, वाट सगळ्यांची.

वारशाचंही ऐका. इबान पद्धतीत बिलिक पुढं चालवायला एक मूल घरात राहतं, आणि ते मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही. लग्नानंतर नवरा बायकोच्या बिलिकमध्ये राहायला गेला तर त्याला कुणी घरजावई म्हणून हिणवत नाही, कारण दोन्ही वाटा सारख्याच मानाच्या. आपल्याकडं आजही सातबाऱ्यावर मुलीचं नाव लावायचं म्हटलं की घराघरांत काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. त्यामुळं हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले होते.

अशा घराला एकच मोठी भीती असते, आगीची. याच जिल्ह्यात उलुक पालिन इथलं असंच जुनं लांब घर 2014 साली जळून खाक झालं. एका घराला आग लागली की अख्खं गाव उघड्यावर येतं.

आता जमिनीकडं येऊ. मावसभावाचा प्रश्न तोच होता.

इबान रीत अशी की ज्यानं पहिल्यांदा दाट जंगल साफ करून भात पेरला, त्या जागेवर त्याच्या घराण्याचा हक्क. एक-दोन पिकं घेतली की ती जागा वर्षानुवर्षं पड ठेवायची, पुन्हा रान वाढू द्यायचं. परक्या माणसाला ते रान बेवारस वाटतं. गावातल्या माणसाला ठाऊक असतं की हे अमक्याच्या आजीनं कसलेलं आहे. फळझाडांचंही तसंच. जुन्या वस्त्यांच्या जागी दुरियानची, आंब्याच्या जातीची झाडं वाढून राया झाल्यात, त्यांना तेम्बावांग म्हणतात. लावणाऱ्याच्या सगळ्या वंशजांचा त्यावर हक्क. कागद नाही, पण झाड उभं आहे आणि कुणी लावलं ते तोंडपाठ आहे.

या रानांमध्ये तेंगकावांग नावाचं झाड असतं. ते आपल्या सालवृक्षाचं भाऊबंद आहे बरं का. त्याच्या बियांपासून लोण्यासारखं घट्ट तेल निघतं, आणि सालाच्या बियांच्या तेलाप्रमाणंच ते चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला वापरलं जातं.

सुंगाई उतिकनं आपल्या जंगलाचे तीन भाग पाडलेत. एक भाग पूर्ण राखीव, तिथं कुऱ्हाड न्यायचीच नाही. दुसरा पुढच्या गरजेसाठी राखलेला, औषधी झाडपाला किंवा अडीअडचणीचं लाकूड तिथून. तिसरा कसण्या-वापरण्याचा. आपल्या देवराया आठवतात ना? इथं नुसती राई नाही, डोंगरच्या डोंगर असे राखलेत.

आणि पिढ्यानपिढ्या राखलेलं हे जंगल कायद्याच्या लेखी कुणाचं होतं? सरकारचं. याचं मूळ डच राजवटीत आहे. 1870 च्या डच कायद्यानं ठरवलं की ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारी. ज्यांच्या मालकीचा पुरावा म्हणजे दुरियानचं झाड, ते कचेरीत काय दाखवणार? स्वातंत्र्यानंतरही तीच चौकट राहिली. लाकूडतोडीचे परवाने दिले गेले, कंपन्या दारात आल्या. सुंगाई उतिकच्या लोकांनी त्यांना परत पाठवलं, एकदा नव्हे, अनेकदा. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव बंदी, पण सगळे त्यांना आपाई जांगगुत म्हणतात. आपाई म्हणजे बाबा, जांगगुत म्हणजे दाढी. दाढीवाले बाबा.

मोठं वळण आलं 16 मे 2013 ला. 1999 च्या वनकायद्यात व्याख्या होती की परंपरागत समाजाच्या क्षेत्रातलं सरकारी जंगल म्हणजे आदात जंगल. आदात म्हणजे परंपरेची रीत. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयानं त्यातला 'सरकारी' हा शब्द काढून टाकला. फक्त एक शब्द! तरी सुंगाई उतिकच्या हातात मान्यतेचा कागद पडायला 2020 उजाडलं. तेव्हा सुमारे 9,480 हेक्टर जंगल त्यांचं म्हणून नोंदलं गेलं. त्याआधी 2019 मध्ये गावाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं होतं, आणि 2023 मध्ये आपाई जांगगुत यांना पोर्तुगालचा गुलबेंकियन पुरस्कार आणखी दोन महिलांसोबत विभागून मिळाला.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. तिथल्या गोंड ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथंही आधी लोक होते, मग जंगल सरकारी झालं, मग लोकांना आपलंच जंगल मागावं लागलं.

तर भावा, तुझं उत्तर. इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी, हाक मिलिक, फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. 1960 च्या जमीन कायद्यानंच तसं ठरवलंय. परदेशी माणसाला ठरावीक मुदतीचा वापरहक्क मिळू शकतो. कुणी म्हणालं की स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन देतो, तर त्या वाटेला जाऊ नकोस, कायदा असा व्यवहार रद्दच धरतो. आणि आदात जंगल सामूहिक आहे, ते विकाऊच नाही. एका माणसाला ते विकताच येत नाही, याच एका गोष्टीवर ते आजवर टिकलंय. मला हे मनापासून पटतं.

पण पाहुणा म्हणून जाता येतं, आणि जरूर जा. जकार्ताहून पोंतियानाक विमानानं, तिथून छोट्या विमानानं पुतुसिबाउ, पुढं गाडीनं साधारण दोन तास. पोंतियानाकहून रस्त्यानंही जाता येतं, पण तो अख्ख्या दिवसाचा प्रवास आहे. पाऊस वर्षभर असतो, आपल्यासारखं चार महिन्यांचं गणित तिथं चालत नाही. रोख पैसे पुतुसिबाउलाच काढून घ्या. पोचलात की आधी तुआई रुमाहला, म्हणजे घराच्या मुखियाला भेटा. चपला काढा आणि रुआईवर चटईवर बसा.

कुणीतरी खायला पुढं करेल. भूक नसली तरी नुसतं "नको" म्हणून उठू नका. पश्चिम कालिमांतानात केम्पुनान मानतात, पुढं केलेलं अन्न नाकारून निघालेल्या माणसावर वाटेत संकट येतं अशी समजूत. खायचं नसेल तर ताटाला बोटं लावायची. एवढं केलं तरी पुरतं.

[हात पुढं करून, कागदावर काढलेल्या रुआईला बोटं टेकवत]

अशी. आणि मग निघायचं.